आधी वस्तू विचार

चि.,
अनेक आशीर्वाद.

लंडनच्या हॅरो उपनगरातल्या त्या आजींच्या बालपणाच्या आठवणींची तू घेतलेली मुलाखत, तिचा उतारा वाचला. दोन तास बोलल्या आणि हाती काय लागलं? 'गरिबी होती पण मजा होती', 'दाराला कुणी कुलूप लावत नसे'. 1944 च्या आसपास लंडनच्या उपनगरात जन्मलेलं कुणीही हेच सांगेल. आजींचा सालांचा गोंधळ होतो, त्यांना कितपत दुरुस्त करायचं, असं तू विचारलंस. अगं, दुरुस्त करायला त्या चुकल्यात कुठे?

पाच वर्षांची असताना रेशनच्या कूपनाशिवाय गोड गोळ्या मिळाल्या, मग पुन्हा कूपनं आली, असं त्या म्हणाल्या. तू समासात लिहिलंस, 'युद्ध 1945 ला संपलं, शक्य नाही.' शक्य आहे. गोळ्या-चॉकलेटचं रेशन एप्रिल 1949 मध्ये उठलं, लोक तुटून पडले, दुकानं रिकामी झाली, म्हणून ऑगस्टमध्ये परत लागलं. कायमचं गेलं ते 5 फेब्रुवारी 1953 ला. साखर त्याच सप्टेंबरात मोकळी झाली, मांस जुलै 1954 मध्ये. पावाचं रेशन तर युद्धात नव्हतंच, ते जुलै 1946 ते जुलै 1948. चार महिन्यांची ती सूट एका पाच वर्षांच्या पोरीने बरोबर ध्यानात ठेवली आणि आपण तिलाच खोटं पाडायला निघालो! माणसाला साल आठवत नाही, वस्तू आठवते. वस्तू विचार. साल आपण काढायचं असतं.

'लहानपण कसं होतं?' हा प्रश्न यापुढे बंद. रेशनबुकाचा रंग विचार. पाचाच्या आतल्या मुलाचं हिरवं, पाच ते सोळा निळं, मोठ्यांचं पिवळट. रंग बदलल्याचं आठवलं तर वय मिळालं.

फायरप्लेस कोण पेटवायचं, ते क्रमाने सांगायला लाव. रात्रीची राख पाडायची, पेपरचे पिळे, त्यावर ढलप्या, त्यावर कोळसा. मग तोंडावर पेपरचं अख्खं पान ताणून धरायचं, म्हणजे हवा खालून ओढली जाऊन जाळ धरतो. पान मधोमध तांबूस व्हायला लागलं की ताबडतोब बाजूला, नाहीतर तेच भडकतं. ते कधी भडकलं होतं का, हे विचार आणि गप्प बस. पुढचा पाऊण तास त्या बोलतील. कोळसेवाला आला की पोती कोण मोजायचं? एक पोतं 112 पौंडांचं, म्हणजे जवळजवळ 51 किलो. झोपायच्या खोलीत शेगडी नसेल तर थंडीत खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरायचा, त्या बर्फाचं विचार. 'थंडी वाजायची का?' असं विचारलंस तर 'हो' एवढंच मिळेल.

शाळेतल्या दुधाचंही तसंच. 1946 च्या कायद्याने प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पाइंट, म्हणजे 190 मिलिलिटरची बाटली, फुकट मिळे. क्रेट कुठे ठेवत? हीटरजवळ ठेवला तर कोमट, ओशट दूध प्यावं लागे. तिथेच चेहरा बघ त्यांचा.

पैशांचं रूपांतर करू नकोस. 1971 पर्यंत पौंडाचे 240 पेन्स, शिलिंगचे 12. 'सहा पेन्स म्हणजे आजचे किती' या फंदात पडलीस की हिशेब उरतो, दुकान जातं. सहा पेन्सात काय यायचं, ते विचार.

8 ऑक्टोबर 1952 चा विषय त्या बहुतेक स्वतःच काढतील. हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनवर सकाळी 8 वाजून 19 मिनिटांनी तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या, 112 माणसं गेली. इथे सावध राहा. अशा घटनेत पाहिलेलं, ऐकलेलं आणि पुढे वाचलेलं एकमेकांत मिसळून जातं. अपघात विचारू नकोस. त्या बुधवारी पायात काय होतं, शाळेला कुठल्या रस्त्याने गेलात, दार कुणी उघडलं, ते विचार. ज्याला खरंच काही दिसलं होतं, त्याच्या बोलण्यात तो रस्ता येतो.

मी याद्यांच्या मागे लागून माणूस विसरते, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. भावना विचारून भावना मिळालेलं एक रेकॉर्डिंग त्यांनी मला आणून दाखवावं. इलेव्हन-प्लसचा, म्हणजे अकराव्या वर्षीच्या शाळा-निवडीच्या परीक्षेचा, निकाल कसा वाटला, असं विचारलं की 'ठीक होतं' येतं. निकालाचं पाकीट कुणी फोडलं आणि शेजारची मैत्रीण पास झालेल्यांच्या ग्रामर स्कूलला गेली की उरलेल्यांच्या सेकंडरी मॉडर्नला, हे विचारलं की सत्तर वर्षांची सल बाहेर येते. वस्तू विचार, पोरी. कितीदा सांगू?

आता यंत्राचं. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. मोनोत तासाला साधारण 500 एमबी लागतात. माइक तोंडापासून वीतभर. भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत. दीड तासाच्या पुढे ताणू नकोस, त्या दमतात आणि मग ठरलेली वाक्यं येतात. संमतीपत्रावर सही सुरुवातीलाच घे. फ्रिजची घरघर रेकॉर्डिंगमध्ये भयंकर येते, तेव्हा त्यांना विचारून तो बंद कर आणि तुझ्या खोलीची किल्ली त्यातच ठेव, म्हणजे निघताना चालू करायला विसरणार नाहीस.