पुरुषांचं हार्मोनवालं गर्भनिरोधक अजून का आलं नाही? तोवर जिममधलं टेस्टोस्टेरॉन चालेल का?

दोन प्रश्न एकत्र विचारलेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते घाईचं आहे. चालणार नाही. जिममधल्या अँप्यूलच्या भरवशावर निरोध बंद केला असेल तर आजपासून परत सुरू करा.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी वृषणांना कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडणं थांबवते, मग वृषण स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवत नाहीत. वृषणाच्या आत ते रक्तापेक्षा पन्नास ते शंभर पट असावं लागतं, तेव्हा शुक्रजंतू तयार होतात. म्हणजे रक्तात सुकाळ आणि वृषणात दुष्काळ. पण कापसाची जिनिंग बंद पडली म्हणून गोडाऊनमधल्या गाठी त्याच दिवशी संपत नाहीत. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, वर नळ्यांमधून बाहेर पडायला आठवडा-दोन आठवडे. पहिल्या इंजेक्शननंतर तीन महिने तरी माणूस मोकळा समजायचा नाही.

तीन महिन्यांनंतरही खात्री नसते. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास होता, त्यात २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिलं. वीर्यातले शुक्रजंतू शून्यावर आलेल्या १५७ जणांनाच पुढच्या टप्प्यात घेतलं, आणि त्या टप्प्यात वर्षभरात एकच गर्भ राहिला. औषध काम करतं. पण सगळे शून्यावर येत नाहीत, आणि कोण आला कोण नाही हे दंडाकडे पाहून कळत नाही. तुमच्या जिममधल्या एका तरी मुलाने वीर्य तपासून घेतलंय का?

नंतरच्या चाचण्यांमध्ये दर मिलिलिटरला दहा लाख शुक्रजंतू ही हद्द धरली, त्याच्या खाली आला तो सुरक्षित. ऐकायला दहा लाख खूप वाटतात. मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब सांभाळते, तिथे मोजायच्या काचेवर, म्हणजे चेंबरवर, ते किती दिसतात ते सांगते. डायल्युएंट, म्हणजे वीर्य पातळ करायचं द्रावण, असतं लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि १० मिलिलिटर फॉर्मेलिन. वीर्य त्यात एकास वीस पातळ करून न्यूबॉअर चेंबरवर सोडायचं, ओलसर झाकणाखाली दहा मिनिटं बसू द्यायचं आणि मधले पंचवीस चौकोन मोजायचे. सहा कोटी काउंटवाल्याचे तिथे तीनशे दिसतात. दहा लाखवाल्याचे पाच. एक चुकला की दोन लाखांचा फरक. म्हणून काउंट कमी असला की एकास दोनच पातळ करायचं, चेंबरच्या दोन्ही बाजू मोजायच्या, आणि शून्य लिहिण्याआधी नमुना सेंट्रीफ्यूज करून तळाचा गाळ पाहायचा. हालचाल मात्र पातळ करण्याआधी बघायची. फॉर्मेलिनमध्ये सगळेच मेलेले दिसतात.

हे सगळं एवढं पाल्हाळ लावून सांगतेय ते एका बाईमुळे. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, तोही एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. दोन लेकरं. दुसऱ्या बाळंतपणात रक्ताच्या पिशव्या लागल्या आणि तिसरं नकोच असं सगळ्यांनी बजावलं. नवरा समजूतदार निघाला, डिसेंबरच्या शिबिरात बिनटाक्याची नसबंदी करून आला. तीन महिने निरोध वापर आणि मग वीर्य तपासून घे, हे त्याला कोणी नीट सांगितलं होतं की नाही यावर पुढे बराच वाद झाला. कार्डावर तपासणीची तारीख नव्हती एवढं मी स्वतः पाहिलं. आठ दिवसांत जखम भरली, माणूस कापसाच्या वेचणीला लागला आणि निरोधची पाकिटं पेटीतच राहिली. फेब्रुवारी लागता लागता आशाताईने किट लावून पाहिली तर दोन रेघा.

सासूने ओसरीवर उभं राहून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माह्या पोराचं तं आपरेशन झालं, मंग हे कोनाचं?" बाईला माहेरी धाडलं.

आशाताई नवऱ्याला लॅबमध्ये घेऊन आली. डबी रुंद तोंडाची दिली. शेवटच्या संबंधाला दोन ते सात दिवस झालेले हवेत, नमुना निरोधात गोळा करायचा नाही कारण त्यावरच्या वंगणाने शुक्रजंतू मरतात, आणि पहिले थेंब सांडले तर सांगायचं, लपवायचं नाही. डबी माझ्या हातात देताना तो खाली पाहत होता. अर्ध्या तासाने नमुना पातळ झाल्यावर एक थेंब स्लाइडवर घेतला. चाळीसच्या भिंगाखाली तिसऱ्याच फील्डमध्ये एक शुक्रजंतू सरळ पोहत गेला. पुढे आणखी दोन. मी त्याला बोलावून डोळा लावायला सांगितलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "मॅडम, हे तं जित्ते हायेत."

नस बांधतात त्याच्या पुढच्या भागात आधीचे शुक्रजंतू साठलेले असतात, ते निघून जायला वेळ लागतो. सात आठवडेच झाले होते. रिपोर्टवर 'हालचाल करणारे शुक्रजंतू आढळले' असं लिहून सही केली. तो कागद घेऊन तो स्वतः सासरी गेला आणि बायकोला घरी आणलं. गर्भनिरोधक फसल्यामुळे राहिलेला गर्भ कायद्याने काढता येतो, २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी लग्न झालेलं असण्याचीही अट नाही. तिचं जिल्ह्याच्या ठिकाणी झालं. एप्रिलच्या तपासणीत त्याच्या नमुन्याच्या गाळातसुद्धा एकही शुक्रजंतू नव्हता.

आता तुमचा पहिला प्रश्न. गोळी का नाही, तर गिळलेलं टेस्टोस्टेरॉन यकृत बरंचसं मोडून टाकतं, म्हणून वेगळी रेणूरचना शोधावी लागते. डीएमएयू नावाची गोळी सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांपर्यंत आली आहे, तीही जेवणासोबत घ्यावी लागते. इंजेक्शन त्याहून पुढे गेलं होतं. दर आठ आठवड्यांनी १००० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएट आणि २०० मिलिग्रॅम नोरेथिस्टेरॉन एनान्थेट, ३२० पुरुष, आपला देशही त्यात होता. शंभरातले जवळपास ९६ चोवीस आठवड्यांत हद्दीखाली आले. २०११ मध्ये मनःस्थितीच्या तक्रारींमुळे बाहेरच्या सुरक्षा समितीने इंजेक्शनं थांबवायला लावली. 'पुरुषांना पुटकुळ्या सोसवल्या नाहीत' असं जे पसरवलं जातं ते खोटं आहे, तीन-चतुर्थांशांहून जास्त पुरुष असं साधन वापरायला तयार होते. समितीचंही एक म्हणणं असतं. बाईच्या गोळीचे दुष्परिणाम गरोदरपणाच्या धोक्याशी तोलले जातात, पुरुषाच्या जिवाला तो धोकाच नसतो, म्हणून त्याच्या औषधाला माप कडक लागतं. मला हा हिशेब मान्य नाही. सिकलसेलवाल्या बायकोचा धोका नवऱ्याच्या पारड्यात का धरायचा नाही?

सध्या सगळ्यात पुढे जेल आहे, सेजेस्टेरॉन ८ मिलिग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन ७४ मिलिग्रॅम, चमचाभर, रोज खांद्याच्या मागच्या बाजूला. २०२४ मध्ये सांगितलेल्या आकड्यांनुसार २२२ पुरुषांपैकी ८६ टक्के पंधरा आठवड्यांत हद्दीखाली आले. आपल्याकडे याची अडचण वेगळी होईल. जेल वाळून वर सदरा येईपर्यंत लेकराला खांद्यावर घ्यायचं नाही, लहान मुलांच्या अंगाला टेस्टोस्टेरॉन लागलं तर वयाआधी वयात आल्याची लक्षणं दिसतात. फवारणीहून आलं की माणूस लगेच आंघोळ करतो, ती जेल लावण्याआधी करायची, नंतर नाही. आयआयटी खरगपूरच्या सुजॉय गुहांचं रिसग हे हार्मोन नाही, नसेत टोचायचं पॉलिमर आहे. ३०३ पुरुषांवर तपासलं, निकाल चांगले आले, दुकानात मात्र आलेलं नाही.

आमच्याकडे एक ज्येष्ठ डॉक्टर कायम म्हणायचे, "नसबंदीच्या मागे कशाला लागता मॅडम, गोळी येऊ द्या, पुरुष रांग लावतील." मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. रांग गोळीच्या दुकानासमोर लागेल, लॅबसमोर नाही, आणि काउंट तपासल्याशिवाय यातलं एकही साधन भरवशाचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के होती. बिनटाक्याची नसबंदी आज गावाजवळ फुकट होते. जिला दोन बाळंतपणं झाली, तिचंच पोट पुन्हा उघडायचं आणि नवऱ्याने गोळीची वाट पाहत बसायचं, हे मला पटत नाही.

अर्थात नसबंदी कायमची समजूनच करायची. मूल हवं की नको हे ठरलेलं नसेल तर निरोधच बरा. हार्मोन थांबवल्यावर त्या ३२० पुरुषांच्या इंजेक्शनच्या चाचणीत शंभरातल्या सुमारे ९५ जणांचा काउंट वर्षभरात परत आला, पण ते मोजून-मापून दिलेले डोस होते. जिममधल्या मुलांनी किती घेतलं हे त्यांनाही सांगता येत नाही. अशांनी हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण), लिपिड आणि बीपीही पाहून घ्यावं, रक्त घट्ट होतं.

वीर्य तपासायला येणार असाल तर नमुना शक्यतो रुग्णालयातच द्या. घरून आणायचा असेल तर तासाच्या आत पोचला पाहिजे, २० ते ३७ अंशांत. थंडीत डबी आतल्या खिशात, अंगाला लावून आणा. मे महिन्यात दुचाकीच्या डिक्कीत घालू नका. आणि डबीवर वेळ स्वतःच्या हाताने लिहा.