गिअर रेशोचा गाडीच्या पिकअपवर आणि अ‍ॅव्हरेजवर नेमका काय परिणाम होतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कासारवडवली ते महापे रोजचं जाणं-येणं, १.२ लिटरची पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक नवीन घेतलीय. बाबा म्हणतात, चाळीस झाले की टॉप टाक, अ‍ॅव्हरेज मिळेल. मित्र म्हणतो, कंपनीने अ‍ॅव्हरेजसाठी गिअर रेशो असे ठेवलेत की पिकअपची वाट लागली, मोठे टायर टाक. शिवाय रिव्हर्स टाकला की कुंईऽऽ असा आवाज येतो, तो बिघाड आहे का?

मी रबाळे एमआयडीसीत गिअर कापण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे दात्यांपासून सुरुवात करतो. चालवणाऱ्या चाकाला ११ दाते आणि चालणाऱ्या चाकाला ४१, तर रेशो ४१ भागिले ११, म्हणजे ३.७२७. वेग तेवढ्या पटीने कमी होतो आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तेवढ्या पटीने वाढतो. ताकद (पॉवर) मात्र आहे तेवढीच राहते, उलट थोडी तेलात आणि घर्षणात जाते. गिअरबॉक्स स्वतःचं काही देत नाही. ठरावीक वेगाला इंजिनाने किती फिरायचं, एवढंच तो ठरवतो. पिकअप काय, अ‍ॅव्हरेज काय, दोन्ही तिथूनच निघतं.

ब्रोशरमध्ये असे वेडेवाकडे आकडे का असतात, असं लोक नेहमी विचारतात. सरळ ४० आणि १० दाते घेऊन ४ का नाही करत? कारण मग लहान चाकाचा एक दाता जन्मभर मोठ्या चाकाच्या त्याच चार दात्यांना भिडत राहील. त्या एका दात्यावर बारीकसा ओरखडा असला तरी ते चारही दाते खराब होणार. ११ आणि ४१ घेतले की प्रत्येक दाता आळीपाळीने सगळ्या ४१ दात्यांना भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर सामाईक भाजक नसलेल्या जोड्या जास्त दिसतात.

आता तुमची गाडी. तिचे नेमके आकडे तांत्रिक माहितीच्या पानावर मिळतील, मी या वर्गातल्या गाडीला शोभतील असे धरतो: पहिला ३.५५, दुसरा १.९०, तिसरा १.२८, चौथा ०.९५, पाचवा ०.७५. गिअरबॉक्सच्या पुढे फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीची शेवटची गिअरजोडी, ४.१. टायर १७५/६५ आर १४, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण १.८३ मीटर जाते. यावरून इंजिन १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेरे) असताना वेग निघतो: पहिल्यात ताशी साडेसात किलोमीटर, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात २१, चौथ्यात २८ आणि पाचव्यात जवळजवळ ३६. हे पाच आकडे कागदावर लिहून ठेवा. बाकीचं सगळं यातच आहे.

लोक पाचव्या गिअरवर वाद घालतात. माझं मत विचाराल तर घोडबंदर रोडवाल्याने दुसरा गिअर बघावा. इंजिन ८०० आरपीएमला आयडल होतं, म्हणजे पाय न लावता नुसतं चालू राहतं, असं धरा. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच पूर्ण सोडला तर गाडी पहिल्यात ताशी ६ ने आणि दुसऱ्यात ११ ने सरकेल. मानपाडा ते माजिवडा संध्याकाळी रांग कितीने सरकते? आठ-नऊने. म्हणजे बरोबर दोन गिअरच्या मधल्या खिंडीत. पहिल्यात ठेवलं की पाय लागला रे लागला की गाडी हिसका मारते, दुसऱ्यात टाकलं की थडथडते. मग आपण काय करतो? हाफ क्लचवर पाय ठेवून दुसऱ्यात रेटतो. तिथे क्लच प्लेट घासते, पेट्रोलची उष्णता होऊन जाते आणि अ‍ॅव्हरेज बसतं. यावर साधा इलाज: पुढच्या गाडीला दोन-तीन गाड्यांचं अंतर द्या, पहिल्यात क्लच पूर्ण सोडून सहाने सरकू द्या. कुणीतरी मध्ये घुसेल. घुसू दे. आपली क्लच प्लेट आपल्याच खिशातून बदलायची असते.

म्हणून दोन गाड्यांतून निवड करायची असेल तर पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक बघा. ३.५५ वरून १.९० ही उडी मोठी आहे, ३००० ला गिअर बदलला की काटा १६०० वर येतो. दुसरा २.०५ च्या आसपास असेल तर तीच गाडी ठाण्यात जास्त सुटसुटीत वाटेल. मात्र सुटा आकडा कधी बघू नका, फायनल ड्राइव्हने गुणा. एका गाडीचा पाचवा ०.७५ आणि फायनल ४.१, दुसरीचा पाचवा ०.७० आणि फायनल ४.४. गुणाकार दोन्हींचा जवळपास ३.०८. ब्रोशरवर दुसरी गाडी जास्त अ‍ॅव्हरेजची वाटेल, पण टायर सारखे असले तर रस्त्यावर दोघींचं इंजिन सारखंच फिरणार.

आता बाबांचा मुद्दा. तो बिनबुडाचा नाही. पद्मिनीला चारच गिअर होते आणि चौथा डायरेक्ट, म्हणजे रेशो १ चा होता, मारुती ८०० सुद्धा सुरुवातीला चार गिअरचीच होती. त्या काळी ‘टॉप’ म्हणजे आजच्या गाडीतल्या चौथ्याच्या जवळपासचा गिअर. तुमच्या गाडीत चाळीसला पाचवा टाकला तर इंजिन ११२० वर असेल, चौथ्यात १४२० वर. सपाट रस्ता, हलका पाय, पुढे सिग्नल नाही, तर ११२० ला सुद्धा गाडी जाईल. पण विटाव्याच्या पुलाखालून बाहेर पडून पाय दाबलात की घरघर सुरू. तिथे तुम्ही आणखी दाबता, इंजिन नॉक होऊ नये, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून ठोके पडू नयेत, म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगी उशिरा पाडतो, जोर आणखी कमी होतो, आणि वाचवलेलं सगळं तिथेच जातं. माझ्या हिशोबाने चाळीसला चौथा, ५०-५५ च्या पुढे पाचवा. डॅशबोर्डवर वर जाणारा बाण दिसत असेल तर सपाटीवर त्याचं ऐका, चढावर नका ऐकू.

वरचा गिअर पेट्रोल का वाचवतो, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. ‘इंजिन कमी फिरतं म्हणून’ हे अर्धंच उत्तर आहे. माणसांसकट १२०० किलोची अशी गाडी सपाटीवर साठने न्यायला टायरचं घर्षण आणि हवा मिळून साधारण २५० न्यूटन विरोध असतो. हिशोब केला तर चार किलोवॅटच्या आसपास, म्हणजे साडेपाच हॉर्सपॉवर. आणि इंजिन आहे ८०-८५ हॉर्सपॉवरचं! एवढं थोडं काम करताना पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ मिटलेला असतो आणि पिस्टन नाक दाबून श्वास घेतल्यासारखा हवा ओढत असतो. त्या ओढण्यातच पेट्रोल जळतं. तिसऱ्यात साठला इंजिन जवळपास २९०० वर, थ्रॉटल अगदी बारीक. पाचव्यात १७०० वर, थ्रॉटल बराच उघडा. काम तेवढंच, पण श्वास मोकळा आणि घासणंही कमी. पाम बीच रोडला वाशीहून बेलापूरकडे जाताना साठने पाचव्यात गाडी सोडून दिली की तात्कालिक अ‍ॅव्हरेजचा आकडा उड्या मारतो, तो यामुळे.

आता तीच गाडी गायमुखच्या घाटाला आणा. १०० मीटरला ६ मीटरचा चढ धरू. साठनेच जायचं तर विरोध २५० वरून साडेनऊशे न्यूटनवर जातो. अशा इंजिनाचा टॉर्क १०० ते ११० न्यूटन-मीटर धरला, तर पाय पूर्ण दाबून पाचव्यात चाकाला मिळतात साधारण ९७०, चौथ्यात १२९०, तिसऱ्यात १८००. म्हणजे पाचव्यात गाडी जेमतेम वेग टिकवेल, एसी लावला की तेवढंही जमणार नाही. तिसऱ्यात दुप्पट जोर हाताशी. तुम्ही ज्याला पिकअप म्हणता ते हेच: लागणारा जोर वजा केल्यावर उरलेला जोर. चढाच्या आधीच गिअर उतरवा, गाडी मरायला लागल्यावर नको. माजिवड्याच्या फ्लायओव्हरवर शिरताना काही सेकंद इंजिन ४००० वर गेलं म्हणून टाकी रिकामी होत नाही. वेग घेऊन लगेच वरचा गिअर टाकला की हिशोब चुकता होतो.

हा चढाचा प्रश्न मोटारगाडीच्या जन्मापासूनचा आहे. १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन मॅनहाइमहून फॉर्झहाइमला गेल्या, तेव्हा चढ आला की मुलांना उतरून गाडी ढकलावी लागली. परतल्यावर त्यांनी चढासाठी आणखी एक गिअर सुचवला. ग्राहकाची सूचना ऐकून बदल केल्याचं मोटारींच्या इतिहासातलं बहुधा पहिलं उदाहरण, तेसुद्धा घरातूनच.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कंपनी जाहिरातीत जे अ‍ॅव्हरेज छापते ते रोलरवर गाडी चालवून मोजलेलं असतं. त्या चाचणीत वेग ९० च्या वर जात नाही आणि कुठे कुठला गिअर हेही आधी ठरलेलं. साहजिकच वरचे गिअर जरा लांब, म्हणजे कमी रेशोचे, ठेवायचा मोह कंपनीला होतो. पण लांब पाचवा तुमचा पिकअप खात नाही, ओव्हरटेकला चौथा-तिसरा टाकायचा कंटाळा खातो. एक्स्प्रेसवेवर तोच लांब गिअर उपयोगी. मात्र तिथे रेशोपेक्षा वेगाची किंमत मोठी: ८० चे १०० केले की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, त्यावर कुठलाही गिअर इलाज नाही.

मोठ्या टायरचा सल्ला मात्र साफ उलटा. १७५/६५ आर १४ काढून १८५/६५ आर १५ टाकलेत तर चाक साडेसहा टक्क्यांनी मोठं होतं. म्हणजे ४.१ चा फायनल ड्राइव्ह ३.८५ चा केल्यासारखं झालं. पिकअप तेवढा कमी, ट्रॅफिकमधली दुसऱ्या गिअरची खिंड आणखी रुंद, काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार. यात एक गंमत आहे. किलोमीटरही कमी मोजले जातात. १०६ पेक्षा जास्त किलोमीटर धावल्यावर मीटरवर १०० पडतात. ‘टायर बदलले आणि अ‍ॅव्हरेज पडलं’ अशी तक्रार करणाऱ्यांचं पडलेलं बरंचसं अ‍ॅव्हरेज असं मीटरमध्येच हरवलेलं असतं. दिसायला १५ चे रिम हवेच असतील तर १८५/५५ आर १५ ची उंची तुमच्या आत्ताच्या टायरइतकीच भरते. गाडीत ते बसतात का आणि कंपनीला चालतात का, एवढं आधी विचारून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ठाण्यात हे फार बघतो म्हणून सांगतो: मुंब्रा बायपास उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल देणंच बंद करतात, चाकंच इंजिनाला फिरवतात. आरपीएम आयडलच्या जवळ आले की पुरवठा परत सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलचं पेट्रोल पीतच राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कार्बोरेटरच्या काळातली ती सवय, आता तिचा फायदा शून्य आणि धोका पूर्ण.

राहिला रिव्हर्सचा आवाज. पुढच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, एक दाता सुटायच्या आत दुसरा धरतो, म्हणून ते शांत चालतात. रिव्हर्सचे दाते बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत सरळ असतात, कारण तो गिअर सरकवून भिडवायचा असतो आणि वापरही क्षणभराचाच. सरळ दाते एकावर एक आदळतात, त्याचा तो कुंई आवाज. तो बिघाड नाही. पण तसाच आवाज तिसऱ्या-चौथ्यात वेगाबरोबर वाढत यायला लागला, तर मात्र वॉरंटी आहे तोवर सर्व्हिस सेंटरवाल्याला शेजारी बसवून एक चक्कर मारा आणि गिअरबॉक्सची बेअरिंग बघायला सांगा. नुसतं तोंडी सांगितलंत तर ते ऑइल बदलून गाडी परत देतील.