मुले घराबाहेर पडल्यावर परदेशी मुक्काम

प्रश्न : आम्ही दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. मुले आपापल्या मार्गाला लागली असून आमचे काम पूर्णपणे ऑनलाइन चालते. दोन-तीन वर्षे परदेशात राहायचे आहे, परंतु पोर्तुगाल की थायलंड, हे ठरत नाही.

उत्तर : देश निवडण्याआधी कामाचे घड्याळ पाहावे. आपल्या बैठका मध्यरात्री येऊ लागल्या, तर समुद्रकाठचे घरही रात्रपाळीचे कार्यालय होते. त्यानंतर व्हिसा. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगालने २०२२ मध्ये जो स्वतंत्र व्हिसा सुरू केला, त्यासाठी तेथील किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावे लागते. थायलंडचा २०२४ पासूनचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) पाच वर्षांचा असला, तरी एका प्रवेशावर १८० दिवसांचाच मुक्काम मिळतो आणि पाच लाख बाथची शिल्लक दाखवावी लागते.

कराकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पोर्तुगालमध्ये १८३ हून अधिक दिवस किंवा थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस राहिल्यास आपण तेथील करनिवासी, म्हणजे करासाठी तेथील रहिवासी, ठरू शकता, म्हणून करसल्लागाराशी आणि नोकरी असल्यास मालकाशीही आधीच बोलून घ्यावे. या वयात आरोग्यविमा पूर्वीच्या आजारांना संरक्षण देतो का, हेही लेखी विचारावे. माझे मत विचाराल, तर घर विकू नये. निवडलेल्या ठिकाणी आधी महिनाभर, तेही पर्यटकांचा हंगाम नसताना, रोजचे काम करत राहून पाहावे.