वाचकांचे प्रश्न : मागच्या डिस्कचा गार्ड

पाऊस ओसरला की चोरल, तिंछा, जानापावकडच्या वाटांवर डर्ट बाइका निघतात आणि पाठोपाठ मागच्या ब्रेकची डिस्क दगडाला लागून वाकल्याची पत्रे आमच्याकडे येतात. या अंकात म्हणून तिला वाचवणाऱ्या गार्डचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझी हीरो एक्सपल्स २०० आहे. मागच्या डिस्कसाठी अ‍ॅल्युमिनियमचा फिन मागवला आहे. घरी बसवता येईल का? क्रम काय ठेवायचा आणि काय चुकू शकतं? – सुदामानगर, इंदूर

येईल. पहिल्या वेळी दोन तास हाताशी ठेवा. मागचं चाक स्वतः काढून बसवण्याची सवय नसेल, तर ती आधी करून घ्या, कारण निम्मं काम तेवढंच आहे.

आधी एक हिशेब. तुमचं मागचं टायर १२०/८०-१८ मापाचं आहे. म्हणजे एक्सल (चाकाचा मधला दांडा) जमिनीपासून साधारण साडेबत्तीस सें.मी. वर. डिस्क २२० मि.मी. व्यासाची, तेव्हा तिची खालची कड जमिनीपासून सुमारे २१ सें.मी. उरते. गाडीच्या पोटाखालची जागाही जवळपास इतकीच, २२० मि.मी. पण पोटाखाली इंजिनाचं रक्षण करणारा पत्रा असतो, डिस्कखाली काही नाही. शिवाय चाक चाकोरीत उतरलं की हे २१ सें.मी. सुद्धा राहत नाहीत. चाकोरीच्या काठावरचा दगड सरळ डिस्कच्या कडेवर येतो. माळव्यातला काळा बेसाल्ट घासून जात नाही, तो ठोकर देतो. डिस्कची जाडी चारेक मिलिमीटर, ती वाकणारच.

फिन म्हणजे माशाच्या परासारखा दिसणारा गार्ड. तो दोन प्रकारांत मिळतो. एक कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) मूळ ब्रॅकेटवर बोल्टांनी बसतो. दुसऱ्यात ब्रॅकेट आणि फिन एकत्रच येतात, जुना ब्रॅकेट काढून ठेवायचा. खोक्यात कोणता आहे ते आधी पाहा. तो तुमच्याच मॉडेलचा आहे ना, हेही तेव्हाच बघा. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं लिहिलेला गार्ड बहुधा कुठल्याच गाडीला नीट बसत नाही.

गाडी धुऊन, वाळवून घ्या. चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा नट पाव आटा सैल करा. हे गाडी उचलल्यावर करायला गेलात तर ती स्टँडवरून घसरते. मग इंजिनाखाली मजबूत खोकं किंवा स्टँड देऊन मागचं चाक दोन बोटं वर घ्या. चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) दोन्ही टोकांवरच्या चेन-अ‍ॅडजस्टरच्या खुणा नेमक्या कुठे आहेत ते लिहून ठेवा, फोटो काढला तर उत्तम. अ‍ॅडजस्टर मात्र हलवू नका. एक्सल बाहेर आला की चाक पुढे ढकलून चेन चक्रीवरून उतरते, तेवढ्यासाठी ते फिरवायची गरज पडत नाही.

एक्सल ओढताना चाकाखाली पाय किंवा फळीचा तुकडा ठेवा. चाकाच्या दोन्ही बाजूंचे बुश वेगवेगळ्या लांबीचे असतात. ज्या बाजूचा बुश त्याच बाजूच्या कापडावर ठेवा. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने चिमट्याला बांधा. दोन्ही पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. चाक बाहेर असताना कोणी ब्रेकचं पेडल दाबलं तर पिस्टन पुढे येतो आणि मग डिस्क आत शिरत नाही. घरात लहान मुलं असतील तर पुठ्ठा आधी, चहा नंतर.

आता फिन नुसता टेकवून पाहा. ब्रॅकेटवरचा चिखल, रंगाचे पोपडे काढून तो सपाट बसतोय का बघा. भोकं जुळवण्यासाठी बोल्ट ओढून-ताणून लावावा लागत असेल तर थांबा, काहीतरी उलटं बसतंय. बोल्टाची लांबी इथे फार महत्त्वाची. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत बोल्ट त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी शिरायला हवा. म्हणजे सहा मि.मी.चा बोल्ट ९ मि.मी., आठचा १२. पण त्याचं टोक डिस्कच्या बाजूला बाहेर डोकावता कामा नये. गार्ड लावल्यावर ‘खर्र’ आवाज येतो अशी तक्रार बहुतेकदा या टोकाचीच असते. डिस्कच्या बाजूने बोल्टाचं डोकं येत असेल तर ते गार्डात बुडणारं घ्या. दुकानात त्याला सीएसके म्हणतात.

बोल्ट आत्ता फक्त हाताने फिरवून ठेवा. चाक आत घ्या, डिस्क पॅडमध्ये नीट सरकवा, एक्सलला पातळ ग्रीस लावून घाला, चेन चढवा. चेन आणि मागच्या चक्रीच्या मध्ये चिंधीची घडी सरकवून चाक हाताने मागे फिरवा. चिंधी अडकली की एक्सल अ‍ॅडजस्टरवर गच्च टेकतो. त्याच अवस्थेत नट आवळा. किती, ते गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही. उदाहरणार्थ, केटीएमच्या ईएक्ससी गाड्यांना ८० न्यूटन-मीटर लागतात, तर इतर काही गाड्यांना त्याहून पुष्कळ जास्त.

एक्सल आवळल्यावरच फिनचे बोल्ट पक्के करा. आधी केलेत तर ब्रॅकेट वाकडा बसलेला असताना गार्ड त्याला तसाच धरून ठेवतो. सहा मि.मी.च्या बोल्टाला १० आणि आठच्याला २५ न्यूटन-मीटर पुरतात, दोन्हींवर निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव. डिस्क आणि गार्ड यांत सगळीकडे किमान ३ मि.मी. फट हवी. चाक आडवं हलवून, हळूहळू फिरवून सर्व बाजूंनी बघा. शेवटी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. हे विसरून निघालेल्याला पहिला ब्रेक लागत नाही. आधी अंगणात चालण्याच्या वेगाने तपासा आणि ३० कि.मी. झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा बघा.

प्रश्न : मिस्त्रीने चिमटा आणि कॅलिपरचा ब्रॅकेट यांच्यामध्ये ४ मि.मी.ची पट्टी घालून गार्ड बसवून दिला. तेव्हापासून ब्रेक घासतो आणि एक पॅड तिरका झिजतो. – राजेंद्रनगर, इंदूर

पट्टी काढा. ब्रॅकेट ४ मि.मी. आत सरकला म्हणजे कॅलिपरही तेवढाच सरकला, डिस्क मात्र जागची हलली नाही. सरकता कॅलिपर पॅड झिजण्यापुरता आपल्या पिनांवर बाजूला होतो, पण तो ही चूक भरून काढण्यासाठी केलेला नाही. पिना एका टोकाला जाऊन अडतात, पॅड तिरका दाबला जातो, डिस्क तापते. दुसरा धोका एक्सलचा. ४ मि.मी. आत गेल्याने नटाबाहेर आटे उरले आहेत का पाहा. निदान दीड आटा दिसायलाच हवा. गार्डची जाडी मध्ये घालायचीच असेल तर तेवढाच बुश खरादावर कमी करून घ्यावा लागतो. ते काम अंदाजाने करण्याचं नाही.

काही जण गार्ड ब्रॅकेटऐवजी सरळ चिमट्यावर बसवतात. तेही टाळा. चेन ताणली की एक्सल, डिस्क आणि ब्रॅकेट एकत्र मागे सरकतात, चिमट्यावरचा गार्ड तिथेच राहतो. आज ३ मि.मी. असलेली फट दोन-चार वेळा चेन ताणल्यावर नाहीशी होते. चिमट्याला वेल्डिंग तर अजिबात नको.

प्रश्न : बाजारातून आणण्यापेक्षा इथेच पत्रा कापून गार्ड करून घेता येईल का? कोणता पत्रा घ्यावा? – महू

जरूर. सियागंजात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मिळतो, पण दुकानदार आधी चौकडीचा पत्रा पुढे करील. तो मऊ असतो, पायदानाला ठीक. गार्डाला ६०६१-टी६ या कडक जातीचा मागा, ६ ते ८ मि.मी. जाडीचा. हा आकडा पत्र्यावर छापलेला दिसला तर घ्या, ‘तसाच आहे’ या शब्दावर नको. टी६ हा थंडच वाकवू नका, वाकाच्या बाहेरच्या बाजूला तडे जातात. गार्ड सपाटच ठेवा. वाक हवाच असेल तर ५०५२ घ्या, तो कमी कडक पण वाकायला सुखाचा. वाकाची त्रिज्या तरी जाडीच्या तिप्पट ठेवा.

वजनाचा विचार करा. २०० × ८० × ६ मि.मी.चा तुकडा अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण २६० ग्रॅम भरतो, लोखंडात साडेसातशे. हे वजन चाकाबरोबर वरखाली होणारं आहे, शॉकअपने उचललेलं नाही. त्यामुळे बॅगेतल्या अर्ध्या किलोपेक्षा इथला अर्धा किलो जास्त जाणवतो.

आधी जाड पुठ्ठ्याचा साचा करा. चाक बसवलेलं असताना तो ब्रॅकेटवर धरून डिस्कची कड आखून घ्या आणि गार्ड खालच्या बाजूला डिस्कच्या ८ ते १० मि.मी. बाहेर ठेवा. जास्त खाली नेलात तर न लागणारे दगडही लागू लागतात. पुढची कड तिरपी, नांगराच्या फाळासारखी मागे झुकलेली हवी. सरळ उभी कड दगडावर अडकते आणि सगळा झटका ब्रॅकेटला बसतो. मग डिस्क वाचते पण ब्रॅकेट वाकतो, आणि तो स्वस्त नसतो. साचा पटला की लेझर कटिंगवाल्याकडे द्या, कडा कानशीने गोल करा. स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये ओलाव्याने जाम होतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर एकदा काढून, साफ करून, नवा थ्रेडलॉक लावून बसवा.

प्रश्न : पूर्ण झाकणारा गार्ड लावला आहे. पहिल्याच चिखलात ब्रेकला जळका वास आला आणि पेडल खालपर्यंत गेलं. – देवास

काळी माती. ओली झाली की ती फुगते आणि चिकटते, गार्डच्या आत भरली की डिस्कला सतत घासत राहते. उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही. कॅलिपर तापतो आणि ब्रेक ऑइल उकळतं. ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअस सोसतं, पण ते हवेतला ओलावा पीत राहतं. त्या मानकात ओलं झालेल्या ऑइलची मर्यादा १५५ अंश धरली आहे. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ लागतं. थंड झाल्यावर पेडल परत आलं तरी ऑइल बदलायलाच हवं. एरवीही दोन वर्षांत एकदा बदला.

पॅड काढून बघा, चकाकी आली असेल किंवा कड चुरली असेल तर नवे घाला. डिस्कला निळसर झाक असेल तर ती सरळ आहे का तेही तपासा.

खरं तर माळव्यात पूर्ण झाकणारा गार्ड लावूच नये, असं आमचं मत आहे. दगडाळ, कोरड्या वाटांसाठी तो ठीक. आपल्याकडे फिन बरा, कारण चिखल त्यात राहत नाही. झाकणाराच ठेवायचा असेल तर त्याला २०-२५ मि.मी.ची भोकं पाडून घ्या, मागची कड उघडी ठेवा आणि दर थांब्याला काडीने आतला चिखल काढा. जेट फवारा सरळ एक्सलच्या सीलवर मारू नका.

प्रश्न : डिस्क थोडी वाकली आहे. गार्ड लावण्याआधी ठोकून सरळ केली तर? – उज्जैन

नको. आधी मोजा. चिमट्याला प्लॅस्टिकची केबल-टाय बांधून तिचं टोक डिस्कला जेमतेम टेकवा आणि चाक फिरवा. फट कुठे वाढते ते डोळ्यांना दिसतं. पक्कं माप डायल गेजने. मॅन्युअलमधली मर्यादा बहुतेक गाड्यांना ०.१५ ते ०.३० मि.मी.च्या दरम्यान असते. त्याहून जास्त वाकली असेल तर डिस्क बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तीही बघा. नव्या डिस्कचे बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा आणि तेलाचा हात लागला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

प्रश्न : रोज राजवाड्यापासून विजयनगरपर्यंतच जातो. गार्ड लावावा का? – इंदूर

नाही.

प्रश्न : फिनचे बोल्ट दर वेळी सैल होतात. एकाचे आटेही गेले आहेत. – राऊ

थ्रेडलॉक तेलकट आट्यांवर धरत नाही. बोल्ट आणि भोक दोन्ही ब्रेक क्लीनरने धुऊन, वाळवून मग लावा आणि रात्रभर गाडी उभी ठेवा. बोल्टाच्या डोक्यावरून गार्डवर रंगाची एक रेघ ओढा, सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. आटे गेलेलं भोक मोठं करून मोठा बोल्ट ठोकू नका, ब्रॅकेटच्या कडेला तेवढं धातूच उरत नाही. खराद्याकडून हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून घ्या, म्हणजे सहाचा बोल्ट सहाचाच राहतो.