जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा एजंट, म्हणजे कंपनीचा भारतातला मुख्य अधिकारी, शेरार्ड ऑस्बोर्न आणि आर्क्टिकवाला ऑस्बोर्न, माणूस एकच का?

हो, एकच. जन्मही इकडचाच, १८२२ साली मद्रासचा. पंधराव्या वर्षी पोरगा ब्रिटिश आरमारात भरती झाला.

बर्फ आणि रेल्वे यांचं नातं काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ते वाफेचं. १८४५ मध्ये दोन जहाजं घेऊन आर्क्टिकला गेलेले सर जॉन फ्रँकलिन परतले नाहीत. त्यांच्या शोधासाठी १८५० मध्ये कॅप्टन ऑस्टिन निघाले तेव्हा दोन शिडाच्या जहाजांबरोबर दोन छोट्या आगबोटी होत्या. त्यातली 'पायोनियर' ऑस्बोर्नच्या हाती. वारा पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी बसायचं. आगबोट मात्र थोडी मागे सरायची, जोरात येऊन बर्फावर नाक आदळायची, वाट फोडायची आणि मागची जहाजंही ओढून न्यायची. हिवाळ्यात ग्रिफिथ बेटाजवळ सगळेच अडकले. १८५१ च्या वसंतात माणसांनी ओढायच्या स्लेज घेऊन ऑस्बोर्न प्रिन्स ऑफ वेल्स बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने फिरला. फ्रँकलिनचा पत्ता लागला नाही तो नाहीच.

१८५२ मध्ये तो पुन्हा गेला, पुन्हा 'पायोनियर'वरच. पण आता वरिष्ठ होते एडवर्ड बेल्चर. दोघांचं इतकं फाटलं की बेल्चरनी त्याला अटकेतच टाकलं. १८५४ मध्ये बेल्चरनी चार चांगली जहाजं बर्फात सोडून दिली, 'पायोनियर'सकट. त्यातलं 'रेझोल्यूट' आपसूक वाहत गेलं आणि १८५५ मध्ये एका अमेरिकी देवमासेमारी जहाजाला सापडलं! बेल्चर कोर्ट मार्शलमधून सुटले, पण चांगली जहाजं सोडून देणं चूकच होतं, हे माझं मत काही बदलत नाही.

पुढे रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात तो अझोव्हच्या समुद्रात होता, १८५८ मध्ये चीनमधल्या यांगत्से नदीतून हांकौ शहरापर्यंत गेला. १८६३ मध्ये चीन सरकारसाठी आगबोटींचं आरमार घेऊन गेला, पण प्रांतिक अधिकाऱ्यांचे हुकूम घ्यायला तयार होईना, आरमारच मोडलं.

१८६५ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत त्याने उत्तर ध्रुवाची मोहीम काढा म्हणून निबंध वाचला आणि त्याच वर्षी तो जीआयपीचा एजंट झाला. थळ घाटातून गाड्या तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी नोकरी संपली, मग समुद्राखालून तारा टाकणाऱ्या कंपनीत गेला. ध्रुवाचा लकडा मात्र चालूच. अखेर ब्रिटिश सरकारने कॅप्टन जॉर्ज नेअर्स यांची ध्रुवाची मोहीम मंजूर केली आणि तयारीच्या समितीत ऑस्बोर्नही होता. जहाजं पोर्ट्समथहून २९ मे १८७५ ला सुटली. ऑस्बोर्न ६ मे रोजीच वारला होता.