ठाणे जिल्ह्यातल्या बेडकांच्या जुन्या संग्रहालयीन नोंदींवर आज कितपत भरवसा ठेवावा?

गावाचं नाव असेल तर ठेवा. नुसतं ‘ठाणे जिल्हा’ लिहिलेलं असेल तर नकाशावर टिंब टाकू नका.

कॉलेजात असताना प्राणिशास्त्र विभागातल्या बरण्यांचं स्पिरिट बदलायचं काम माझ्याकडे होतं. एका बरणीत भला मोठा बुलफ्रॉग होता. पहिल्या पावसात याचा नर पिवळाधमक होतो, गळ्याच्या पिशव्या निळ्या. बरणीत मात्र सगळं मातकट, कारण स्पिरिटमध्ये रंग टिकत नाही. मांडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, शिसपेन्सिलीने लिहिलेली: राना टायग्रिना, मोखाडा, ठाणा. कागद लिबलिबीत झाला होता, अक्षर मात्र शाबूत.

पाहणीसाठी समिती येणार म्हणून विभागप्रमुखांनी सगळीकडे छापील लेबलं लावायला काढली: होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस (राना टायग्रिनाचंच नवं शास्त्रीय नाव), ठाणे जिल्हा. जुन्या चिठ्ठ्या कचऱ्यात. मी म्हटलं, “सर, मोखाडा तेवढं राहू द्या.” तर म्हणाले, “मोखाडा काय नि मुरबाड काय, सगळं ठाण्यातच की!”

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि मोखाडा तिकडे गेला. तो बेडूक कुठला, हे आता कोण सांगणार? शास्त्रीय नाव चुकलं तर प्राणी पुन्हा तपासून दुरुस्त करता येतं. गाव त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. मी तेव्हाही हेच सांगत होते.

१९२०पूर्वी तर वांद्रे, अंधेरीसुद्धा ठाणे जिल्ह्यातच होते. नवी मुंबई हे नावच सत्तरच्या दशकातलं, त्यामुळे त्याआधीचं काही हवं असेल तर बेलापूर, तुर्भे, पनवेल असं शोधा. त्यातलं पनवेल कुलाबा जिल्ह्यात मिळेल, म्हणजे १९८१नंतरचा रायगड.

फोर्टमधली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि पुण्यात आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र, या दोन्हीकडे विचारा. एक्सेलची यादी देतो म्हणाले तरी मूळ चिठ्ठीचा आणि नोंदवहीच्या पानाचा फोटो मागा. यादी करणाऱ्याने काय गाळलंय ते तिथेच कळतं.

आणि हो, एखाद्या गावाची नोंद नाही म्हणजे तिथे बेडूक नव्हता, असं समजू नका. गोळा करणारे बहुतेक रस्ता असेल तिथेच जायचे. नोंद नाही म्हणून स्वतः बेडूक पकडायलाही जाऊ नका, त्याला वनखात्याची परवानगी लागते. फोटो काढा, आवाज रेकॉर्ड करा, आणि खाली पाड्याचं नावसुद्धा लिहा.