गाडीची बॅटरी, इन्व्हर्टरची बॅटरी : वाचकांच्या शंका

उन्हाळा लागला की बॅटरीविषयीचा एकच गोंधळ निरनिराळ्या पत्रांतून येऊ लागतो. त्यातील निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : ट्रॅक्टरची बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला जोडली तर इन्व्हर्टरसाठीच्या ट्युब्युलर बॅटरीचा खर्च वाचतो, असे गॅरेजवाले सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : जोडता येते आणि काही दिवस चालतेही, म्हणूनच ही ऐकीव माहिती मरत नाही. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ संख्येने बसवलेल्या असतात, कारण आम्लाला भिडणारा पृष्ठभाग जितका मोठा तितका प्रवाह झटक्यात मिळतो. स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, शेकडो अँपिअर खेचतो, पण काही सेकंदच. त्यात साठ्यातील जेमतेम टक्काभर वीज खर्च होते आणि ती अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारे वीज तयार करणारे यंत्र) लगेच भरून काढतो. घरी मात्र पंखे आणि दिवे तासन्‌तास चालून साठा निम्म्याखाली जातो. अशा प्रत्येक खेपेला प्लेटांवरील द्रव्य फुगते, आकसते, सुटून तळाशी साचते आणि अखेर आतल्या आत शॉर्ट होतो. ट्युब्युलर बॅटरीत धन प्लेटेचे द्रव्य शिशाच्या कांड्यांभोवती विणलेल्या नळ्यांत बंदिस्त असते, त्यामुळे ते सहजी झडत नाही. गाडीच्या बॅटरीवर असा ताण रोज दिला तर ती काही महिन्यांतच निकामी होण्याची शक्यता असते, मग वाचलेला खर्च कुठे राहिला? शिवाय चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बॅटरी कोणतीही असो, ती हवेशीर जागी ठेवा आणि जोडणी तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

प्रश्न : मग ट्युब्युलर बॅटरीवर ट्रॅक्टर सुरू करता येईल का?

उत्तर : त्या भरवशावर राहू नका, ट्युब्युलरच्या जाड प्लेटा तेवढा प्रवाह तितक्या झटक्यात देत नाहीत.

प्रश्न : दुकानदार १५० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) आणि ६० महिन्यांची वॉरंटी सांगतो. आणखी काय विचारावे?

उत्तर : एएचचा आकडा किती तासांच्या हिशेबाने दिला आहे, ते विचारा. २० तासांच्या हिशेबाने १५० एएच म्हणजे ७.५ अँपिअर प्रवाह २० तास; ३० अँपिअर खेचल्यास पाच तासही पुरे मिळत नाहीत. वॉरंटीतील किती महिने बॅटरी मोफत बदलून मिळेल आणि किती महिने केवळ किमतीत सूट मिळेल, हे बिलावर लिहून घ्या. ही विभागणी विक्रेते आपणहून क्वचितच सांगतात.

प्रश्न : बॅटरीत आरओचे पाणी चालते का?

उत्तर : नाही, डिस्टिल्ड पाणीच घाला.

प्रश्न : तीन महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी ११.८ व्होल्ट दाखवते. पुढच्या महिन्यात चार्ज केली तर चालेल का?

उत्तर : पुढच्या महिन्यात कशासाठी? पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. तुमची जवळजवळ रिकामी आहे, आणि रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवरील सल्फेट दिवसेंदिवस कठीण होत जाते. आजच काढून चार्जिंगला द्या आणि नंतर लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन केलेली तपासणी, करून घ्या. ती ठेवायची की बदलायची, हे तपासणाऱ्या तंत्रज्ञालाच ठरवू द्या.